सदनिका कामगाराची, जमीन कोणाची?

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदलेल्या आहेत. साखर कारखान्याची किंवा जिल्हा बँकेची निवडणूक आली की सर्व पक्षांचे पुढारी कंबर कसून मैदानात उतरतात. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा मात्र गच्चीवर दहा-पंधरा खुर्च्या मांडून अर्ध्या तासात उरकली जाते, आणि तिच्याकडे कोणीही ढुंकून पाहत नाही. पाहत नाही म्हणण्यापेक्षा एक जण पाहतो असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. तो म्हणजे इमारत बांधणारा बिल्डर. त्या सभेत काय ठरते आणि काय ठरत नाही, यावर त्याचे कोट्यवधी रुपये अवलंबून असतात.

समाजवादी चळवळीनेही या विषयाची उपेक्षाच केली आहे. फ्लॅट म्हणजे मध्यमवर्गीयांची खाजगी मालमत्ता आणि सोसायटी म्हणजे गळती, पाण्याच्या वेळा व वाहने उभी करण्याच्या जागा यांवरून होणारी भांडणे, असे एक सोयीस्कर समीकरण अनेक कार्यकर्त्यांच्या मनात पक्के बसले आहे. झोपडपट्टीवासीयांचा मोर्चा म्हणजे चळवळ आणि सोसायटीची सभा म्हणजे करमणूक, ही विभागणी आता वस्तुस्थितीला धरून राहिलेली नाही. भिवंडी तालुक्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले तर ते सहज ध्यानात येईल.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. गेल्या काही दशकांत त्याच्या भोवतीच्या गावांतून भातशेती हटली आणि गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. गोदामांमागोमाग चार-चार मजल्यांच्या इमारती आल्या. त्यांतील खोल्या विकत घेणारा वर्ग कोणता? मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार, गोदामातील हमाल, टेम्पोचालक, मुंबईतील भाडे परवडेनासे झाल्यामुळे खाडीपलीकडे फेकला गेलेला कारकून. भविष्यनिर्वाह निधी काढून, पत्नीचे दागिने मोडून, पतपेढीचे कर्ज अंगावर घेऊन या माणसाने एक खोली आणि स्वयंपाकघर विकत घेतलेले असते. त्याला मध्यमवर्गीय म्हणून बाजूला सारायचे असेल, तर श्रमिक म्हणायचे तरी कोणाला? शहराची आणि गोदामांची हद्द जसजशी पुढे सरकेल, तसतसा दिघाशीसारख्या गावांपुढेही हाच प्रश्न येणार आहे. म्हणून तो आजच नीट समजून घेतला पाहिजे.

विकत काय घेतले?

सदनिका विकत घेणारा माणूस वास्तविक दोन वस्तूंचे पैसे मोजतो. पहिली वस्तू त्याच्या दाराच्या आतली. दुसरी वस्तू दाराबाहेरची: पाया, खांब, जिना, गच्ची, पाण्याची टाकी, सांडपाण्याचे नळ, मोकळे आवार आणि या सर्वांखालची जमीन. पहिल्या वस्तूला कुलूप लावता येते. दुसरी वस्तू सर्वांची मिळून असते आणि तिच्याविना पहिलीला कवडीचेही मोल नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली ही अखेर तळमजल्याच्या खांबांवर उभी असते.

याचा अर्थ असा की सदनिकाधारक हा आपापला स्वतंत्र मालक आहे ही केवळ समजूत आहे. तो सामाईक मालमत्तेतील भागीदार आहे आणि ती भागीदारी चालविण्याचे साधन म्हणजे त्याची संस्था. खाजगी मालकीचे गोडवे गाणाऱ्या या समाजव्यवस्थेत लक्षावधी कुटुंबे प्रत्यक्षात सामाईक मालकीखाली राहत आहेत, आणि ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नाही. बिल्डर सांगणार नाही, कारण त्याचा लाभ त्यांच्या अज्ञानातच आहे. समाजवाद्यांनी तरी ती सांगायला हवी होती.

कायदा आहे, कब्जा नाही

कायदेच नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. सदनिकांच्या व्यवहारांतील फसवणुकीची चौकशी करण्यासाठी सरकारने 1960 साली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर 1963 साली महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. ‘मोफा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने बिल्डरवर दोन प्रमुख जबाबदाऱ्या टाकल्या. सदनिका घेणाऱ्यांची सहकारी संस्था त्याने स्थापन करून द्यावी, ही पहिली. संस्था नोंदली गेल्यावर जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण त्या संस्थेच्या नावे करून द्यावे, ही दुसरी. करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर चार महिन्यांची मुदत नियमांनी घालून दिली. कसूर करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही त्यात आहे.

अर्धशतकाहून अधिक काळ उलटला. हजारो संस्थांच्या इमारतींखालची जमीन आजही बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. हा काही लेखनिकांचा हलगर्जीपणा नव्हे. जमीन ज्याच्या नावावर, त्याच्याच हाती तिच्यावरील वाढीव चटईक्षेत्राचा लाभ राहतो. आज चार मजले बांधून विकावेत, उद्या नियम बदलले की आवारात आणखी एक इमारत उभारावी, परवा पुनर्विकासाची वेळ आली की जमिनीचा धनी म्हणून वाटाघाटीला बसावे, असा हा हिशेब आहे. सदनिकाधारकाने किंमत चुकती केली, कर भरला, दुरुस्ती केली; जमिनीची वाढलेली किंमत मात्र दुसऱ्याच्या पदरात पडली. श्रमाचे फळ श्रम न करणाऱ्याच्या हाती जाणे यालाच शोषण म्हणतात. ते कारखान्याच्या दाराबाहेरही चालते.

लोकांच्या रेट्यामुळे 2008 साली मोफात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली झाली. बिल्डर टाळाटाळ करीत असेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करू शकते. त्याने सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यावयाचा असतो. बिल्डरची सही नसतानाही दस्त नोंदवता येतो आणि सात-बारावर किंवा मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव चढते. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात, इमारतीखालची खांबांमधील वाहनतळाची जागा बिल्डरला सदनिकेप्रमाणे वेगळी विकता येत नाही, असा निर्वाळा दिला. 2016 च्या रेरा कायद्याने बांधकामातील दोषांची बिल्डरवरील जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत वाढविली. हत्यारे अशी एकामागून एक हाती आलेली आहेत. ती चालविणारे संघटित हात नाहीत, ही खरी उणीव आहे.

एक माणूस, एक मत

सामाईक मालकी चालविण्याच्या दोन रीती या राज्यात आहेत आणि त्यांतील फरक कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. पहिली रीत 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाची. तीत इमारत संस्थेच्या मालकीची, सभासदाकडे भागपत्र व राहण्याचा हक्क, आणि सभेत प्रत्येक सभासदाला एकच मत. एका खोलीच्या मालकाचे मत आणि चार खोल्यांच्या मालकाचे मत सारखेच वजनाचे. दुसरी रीत 1970 च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाची. तीत प्रत्येकजण आपल्या सदनिकेचा थेट मालक, सामाईक भागात व जमिनीत त्याचा अविभाज्य हिस्सा, आणि हा हिस्सा घोषणापत्रात टक्केवारीने लिहिलेला. बहुमत मोजायचे तेही याच टक्केवारीने.

दुसरी रीत आधुनिक आणि सुटसुटीत आहे असा प्रचार अनेक बिल्डर व त्यांचे सल्लागार करतात. तीत खर्चही हिश्श्याप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे लहान घरावर कमी भार पडतो, असा युक्तिवाद ऐकू येतो. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. सहकारी संस्थेत सेवाशुल्क सर्वांना सारखे असते आणि एका खोलीत राहणाऱ्याला ते टोचते. परंतु महिन्याकाठी वाचणाऱ्या शे-दोनशे रुपयांच्या बदल्यात काय गमवावे लागते? तळमजल्यावरची दुकाने व न विकलेल्या सदनिका आपल्या हाती ठेवणारा बिल्डर टक्केवारीच्या बळावर सभेत कायमचा वरचढ होऊ शकतो. ज्याचे भांडवल अधिक त्याचे मत अधिक, हा शेअर बाजाराचा न्याय आहे. एक माणूस एक मत हा लोकशाहीचा न्याय आहे. समाजवादी कार्यकर्त्याने कोणत्या बाजूला उभे राहावे याबद्दल संभ्रम असू नये. सेवाशुल्काचा जाच कमी करण्यासाठी उपविधींत सुधारणा मागता येईल. एकदा गेलेले समान मत परत मिळविणे त्याहून कितीतरी कठीण आहे.

कोसळलेल्या इमारतींचा पुरावा

सामाईक गोष्टीची निगा कोणी राखायची हा प्रश्न अनुत्तरित राहिला की त्याचे उत्तर ढिगाऱ्याखाली सापडते. 21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे चाळीस जीव गेले. ती इमारत 1984 सालची होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि 2022 साली बेकायदा व धोकादायक बांधकामांविषयी महापालिकांना त्यांच्या कर्तव्याची सविस्तर जाणीव करून दिली. त्यानंतर 29 एप्रिल 2023 रोजी तालुक्यातील वळपाडा येथे खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत पडून आठ जण मरण पावले. वर राहणाऱ्यांना खाली किती वजन चढले आहे हे विचारण्याचाही अधिकार नव्हता.

हे फक्त गरीब वस्त्यांत घडते असेही नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधील चारमजली इमारत कोसळून 17 जण ठार झाले. तेथे सहकारी संस्था होती. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप त्या वेळी झाला. एका मालकाने आपल्या दाराआड केलेले बांधकाम त्याची खाजगी बाब असते काय? खांब सर्वांचा असतो, म्हणून त्याच्यावर पडणारा घणही सर्वांचाच विषय असतो. भीड, दहशत किंवा उदासीनता यांमुळे सभा गप्प राहिली की त्या मौनाची किंमत सर्वांना द्यावी लागते.

आदर्श उपविधींत यावर उपाय लिहून ठेवले आहेत. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी व्हावी. बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दरसाल दुरुस्ती निधीत आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंडात जमा व्हावेत. दहा लाख बांधकाम खर्चाच्या सदनिकेला हे वर्षाचे दहा हजार रुपये होतात. माग कामगाराला ही रक्कम लहान नाही. पण संस्थाच नोंदलेली नसेल तर निधी कोणी गोळा करायचा? आणि जमीन संस्थेच्या नावावर नसेल तर, मोडकळीस आलेली इमारत नव्याने बांधण्याच्या वेळी रहिवाशांना कोण विचारणार? सुरक्षितता, निधी आणि जमिनीची मालकी ही एकाच साखळीची तीन कडी आहेत.

संस्थेच्या दाराबाहेर कोण?

बिल्डरवर टीका करणे सोपे आहे. संस्थेच्या आत जे चालते त्यावरही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. अनेक इमारतींत निम्म्याहून अधिक रहिवासी भाडेकरू असतात. पाणी तेच भरतात, गळती तेच सोसतात, इमारत पडली तर मरतातही तेच. सभेत मात्र त्यांना मत नाही. दूर राहून भाडे वसूल करणारा मालक सभासद म्हणून मत देतो आणि दुरुस्तीच्या वर्गणीला विरोध करतो. कायद्यात बदल होईपर्यंत निदान तपासणी, पाणी व सुरक्षितता या विषयांवर भाडेकरूंना सभेत बोलावून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदविण्यास कोणत्याही संस्थेला आडकाठी नाही. संस्थांनी ही प्रथा आजच सुरू करावी.

याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे जात आणि धर्म पाहून सदनिका नाकारण्याची. 2005 साली गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. न्यायालयाचा निर्णय कायद्यापुरता बंधनकारक असतो. तो सामाजिक न्यायाचा आदर्श होऊ शकत नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींच्या जखमा अंगावर वागवणाऱ्या भिवंडीत तर वेगवेगळ्या धर्मांची माणसे एकाच जिन्याने ये-जा करतील अशा संस्था उभ्या करणे हे जातीय ऐक्याचे सर्वांत टिकाऊ काम ठरेल. एका टाकीचे पाणी आणि एका निधीचा हिशेब यांनी बांधलेली माणसे अफवेवर सहजासहजी उठत नाहीत.

सहकाराच्या इतिहासातच हा दोष आरंभापासून आहे. भारतातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ओळखली जाणारी मुंबईतील गावदेवीची सारस्वत संस्था 1915 साली रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. घरमालकाच्या नफेखोरीतून मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांची सुटका करण्याचा तो प्रयत्न मोलाचा होता. इमारत संस्थेची आणि रहिवासी तिचे भाडेकरू व मालकही, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. परंतु तिची वेस एका जातीपुरतीच होती. सहकाराचे तत्त्व घ्यावयाचे आणि ती वेस ओलांडावयाची, हे काम पुढच्या पिढ्यांकडे आले.

समाजवादी चळवळीने ते काम कधी केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणाल गोरे, बाबूराव सामंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे लढा दिला. त्यातून गोरेगावच्या दिंडोशीत सहा हजारांच्या घरात कुटुंबांची वसाहत सहकारी तत्त्वावर उभी राहिली. 2007 साली राज्याने तो कायदा रद्दबातल केला आणि तो मार्ग बंद झाला. सोलापुरात विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली, कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. 2006 साली ती घरे त्या स्त्रियांच्या ताब्यात आली. सोलापूरचा आणि भिवंडीचा विणकर समाज एकमेकांना परका नाही. तेथे जे घडले ते येथे घडू शकत नाही, असे समजण्याचे कारण नाही. दूरच्या उरुग्वे देशात तर 1968 च्या गृहनिर्माण कायद्याच्या आधाराने कामगार संघटनांनी परस्पर श्रमदानातून घरे बांधली. तेथील अशा संस्थांत मालकी संस्थेची आणि सभासदाला वापराचा हक्क, त्यामुळे घर हे सट्ट्याचे साधन होत नाही.

दिघाशीसाठी कार्यक्रम

दिघाशी आणि तिच्यासारख्या गावांत आज काय करता येईल? जेथे इमारत अजून उठावयाची आहे तेथे काम अधिक सोपे आहे, कारण चूक घडण्याआधीच ती अडविता येते. ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, ही एक गोष्ट गावोगाव सांगितली गेली तरी अनेक संसार वाचतील. घरपट्टी ही कराची नोंद आहे. ती बेकायदा बांधकामालाही लागू शकते. सात-बारा, अकृषिक परवानगी, मंजूर आराखडा आणि पूर्णत्वाचा दाखला पाहिल्यावाचून कोणीही विसार देऊ नये. 500 चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर आठांहून अधिक सदनिका बांधणाऱ्याने महारेराकडे नोंदणी केली आहे की नाही, हे संकेतस्थळावर पाहून देणे हे शाखेतील कोणत्याही तरुण कार्यकर्त्याला जमण्यासारखे काम आहे.

सात-बारा पाहताना आणखी एक दक्षता हवी. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीवाचून बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. ठाणे जिल्ह्यात वारली आणि कातकरी कुटुंबांच्या जमिनी कशा हातोहात गेल्या हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. अशा जमिनीवर इमारत उठली तर एकाच व्यवहारात दोघे लुबाडले जातात. आदिवासीची जमीन जाते, आणि सदनिका घेणाऱ्या कामगाराची जन्माची पुंजी कायद्याने न टिकणाऱ्या कागदात अडकते. या दोघांना परस्परांविरुद्ध झुंजवण्याचा प्रयत्न होईल. त्यांची फसवणूक एकाच माणसाने केली आहे हे दोघांनाही पटवून देणे हे संघटनेचे काम आहे.

जेथे इमारती उभ्या आहेत तेथे तीन गोष्टींचा आग्रह धरावा. संस्था नोंदलेली नसेल तर ती नोंदवावी. बिल्डर सहकार्य करीत नसेल तर सदनिकाधारकांना स्वतः निबंधकाकडे जाता येते. संस्था असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा, आणि एकेकट्या संस्थेने हेलपाटे घालण्याऐवजी परिसरातील संस्थांनी एकत्रितपणे उपनिबंधकाच्या दारात जावे. तपासणीचा अहवाल, निधीचा हिशेब आणि सभेचे इतिवृत्त दर्शनी फलकावर मराठीत लागावे. उर्दू, हिंदी किंवा तेलुगू वाचणारे रहिवासी असतील तर त्या भाषांतही लागावे. चिटणिसाच्या कपाटात राहिलेला हिशेब हा सामाईक मालकीचा हिशेब नसतो.

हे काम संथ आहे, त्यात घोषणांना फारसा वाव नाही, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रेही छापून येत नाहीत. म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. जमीन कसणाऱ्याची, गिरणी कामगाराची, असे म्हणणाऱ्या चळवळीने इमारतीखालची जमीन राहणाऱ्यांची, हे तिसरे वाक्य उच्चारण्यास आधीच फार उशीर केला आहे. प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील इमारतींची यादी करावी आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहावा: सात-बारावर नाव कोणाचे? जेथे उत्तर बिल्डरचे असेल, तेथे पुढच्या महिन्यात सभा लावावी.